समोर बघणारी आत्या

मोठ्या आत्याने कॉलेजच्या गच्चीवर मास्तरला दुर्बिणीने हाणलं, अशी आवई उठली होती. साफ खोटं. तिने त्याच्याकडे नुसतं बघितलं. ज्याने ते बघणं खाल्लंय तो सांगेल, त्यापेक्षा हाणलेलं परवडतं.

आत्या गाडी चालवण्याची परीक्षा घेते. शेजारच्या सीटवर बसून जन्मभर एकच पालुपद, समोर बघा. नजर जरा दुकानाकडे वळली की नापास. हा मास्तरही तिच्या हातून असाच नापास झालेला. पुढे आत्याच्या ऑफिसात वरची जागा रिकामी झाली आणि साहेबांनी पदवी मागितली. नसेल तर कालच्या पोरीच्या हाताखाली काम करा, म्हणाले. पदवीला विज्ञानाचा एक विषय हवा होता. आत्याने खगोलशास्त्र घेतलं, कारण तारे उलट उत्तर देत नाहीत. पहिल्या तासाला फळ्यापाशी उभा कोण, तर तोच.

तास तिने दातओठ खात काढले. तो शब्द गिळत गिळत बोलायचा, "म्हणजे... बघा ना... पृथ्वी कललेली आहे." ही बाकावरून पुटपुटायची, सिग्नलचा हात दाखवून कलली का?

लेखी निभावलं, अडलं गच्चीवर. दुर्बिणीतून एक अंधुक दीर्घिका बघायची, दिसेल तशी काढायची आणि मास्तरची सही घ्यायची. सही नाही तर पदवी नाही. बाकीच्यांनी डोळा लावल्यासारखं केलं आणि पुस्तकातलं चित्र उतरवलं. आत्याला काहीच दिसेना, आणि न दिसलेलं काढील तर ती आत्या कसली. मास्तर म्हणाला, थेट बघू नका, जरा बाजूला बघा. अंधुक उजेड डोळ्याच्या कडेला जास्त कळतो. बाजूला बघा! मेला सूड उगवतोय, असं समजून ती दर खेपेला समोरच बघत राहिली आणि कोरा कागद देऊन आली.

शेवटच्या खेपेला मास्तर शेजारी उभा राहून पुटपुटला, "हट्टाला गुण नसतात."

आत्याने भिंगावरचा डोळा न उचलता नुसतं बुबुळ फिरवून त्याच्यावर रोखलं. आणि काळोखात, अगदी कडेला, काचेवर कोणी श्वास सोडावा तसा डाग उमटला. सरळ बघितलं, गेला. मास्तरवर डोळा वटारला, परत आला. वटारत वटारतच तिने चित्र पुरं केलं.

मास्तरने विचारलं, दिसलं का? तुम्ही मध्ये तोंड घातलंत म्हणून, असं उत्तर मिळालं. त्याने कागद दिव्याखाली धरला. दुर्बिणीत सगळं उलटं दिसतं. बाकीच्यांचे डाग पुस्तकासारखे सुलटे होते, हिचा तेवढा उलटा. त्याने बाकीचे सगळे कागद सही न करता परत केले आणि हिच्या कागदावर तो फाटेल इतक्या जोराने सही ठोकली.

तो सही करणार नाही, अशी पैज अस्मादिकांनी आत्याशीच लावली होती. हरलो तर महिनाभर तिची नक्कल बंद. तिने घरी येऊन सहीचा कागद माझ्या नाकासमोर धरला.

"वाच. मोठ्याने. आणि माझ्या आवाजात नको."