शुद्ध केलेलं टेबल

"हे टेबल कुणाचं रे?" मालकांच्या आईने विचारलं.

"त्या टेस्टिंगच्या बाईंचं," मालक म्हणाले.

"मग इथे जरा जास्त शिंपड."

मी दारात उभी होते. मला ऐकू जावं अशाच आवाजात त्या बोलल्या.

मुलांनो, हे मी तुमच्या आईलाही कधी सांगितलं नाही. नव्वदच्या दशकातली गोष्ट. रबाळ्याला एका लहान कारखान्यात मी पॉवर सप्लायच्या, म्हणजे यंत्रांना ठरावीक व्होल्टेज पुरवणाऱ्या डब्यांच्या, कामावर होते. इलेक्ट्रॉनिक्सचा डिप्लोमा, इंग्रजी चांगलं. तोवर जात कुणी विचारली नव्हती. त्या एप्रिलात मी जयंतीची रजा मागितली आणि मालकांना ती कळली. दुसऱ्याच दिवशी माझा चहाचा कप वेगळा झाला. मी बघितलं. त्याच कपातून चहा प्यायले.

पुढे छत्तीस व्होल्टच्या सप्लायची ऑर्डर आली. छत्तीसचा झेनर डायोड कुठेच मिळेना. झेनर म्हणजे तांदळाएवढा काचेचा तुकडा, एका टोकाला काळी पट्टी. व्होल्टेज ठरल्या आकड्यावर धरून ठेवतो. मी बारा व्होल्टचे तीन झेनर एकापुढे एक जोडले, पट्ट्या एकाच दिशेला. बारा, बारा आणि बारा, छत्तीस. करंट तिघांतून तोच, पण ताप तिघांत वाटला जातो. मीटर छत्तीसवर स्थिर राहिला.

मालकांनी बोर्ड हातात घेतला आणि हसले. "एक जातिवंत मिळाला नाही, म्हणून तीन चिल्लर लावले काय? कोट्यातल्यांचं असंच. एकमेकांना धरून वर चढायचं."

सगळे हसले. शेजारी सोल्डरिंग करणारी सारसोळ्याची सुमन तेवढी हसली नाही. बोर्ड मात्र मालकांनी तोच ठेवला.

डिलिव्हरीच्या आदल्या दिवशी दसरा आला. कारखान्यात दसऱ्याला यंत्रांची पूजा होते. मीटरला, सोल्डरिंगच्या गनलाही हळदकुंकू लागतं. माझ्या टेबलावर सप्लाय टेस्टिंगला चालू होता, झाकणाशिवाय. मालक म्हणाले, "पूजा होईपर्यंत तुम्ही बाहेर थांबा."

"साहेब, सप्लाय चालू आहे. बंद करून जाते."

"आता कशालाही हात लावू नका."

मी बाहेर आले. मालकांनी दूर्वांनी गोमूत्र शिंपडलं. टेबलावर. माझ्या खुर्चीवर. चष्म्याच्या डबीवर. आणि त्यांच्या आई म्हणाल्या तसं, आणखी जरा जास्त. उघड्या बोर्डावर.

फट्ट आवाज झाला. जळका वास आला. मीटर शून्यावर.

मालक धावत दाराशी आले. "बाई, जरा बघा ना. उद्या माल जायचाय."

त्यांच्यामागून आईंचा आवाज आला. "तिला म्हणावं, आधी हात धुऊन ये."

माझे हात. ज्या हातांनी तो बोर्ड जोडला होता, ते. माझ्या आत काहीतरी एकदम थंड झालं. राग नव्हता तो. राग तर एप्रिलापासून होता.

मी म्हणाले, "टेबल शुद्ध झालंय, साहेब. आता माझा हात कशाला?"

"अहो, आईचं वय झालंय. इतकं काय मनावर घेता?"

"शिंपडलं तुम्ही. आईंनी नाही."

ते लाल झाले. "मग उद्यापासून येऊ नका."

सुमनने माझा दंड धरला. "बाय, जा गो आत. नोकरी जाईल तुजी. पोर हाय तुला."

तिचं खरं होतं. तुमची आई तेव्हा शाळेत होती. मी सुमनचा हात सोडवला, चष्म्याची डबी मागून घेतली, रुमालाने पुसली आणि निघाले.

माझ्यावाचून त्यांचं काही अडलं नाही, हेही लिहायला हवं. दुसऱ्या कुणीतरी बोर्ड स्पिरिटने पुसला, जळलं ते बदललं, माल गेला. सुमनने नंतर सांगितलं. मला मात्र बरेच महिने काम मिळालं नाही. कोपरखैरण्याच्या खोलीत बसून मी अर्ज लिहीत होते. कुणी शाबासकी दिली नाही. तुमचे आजोबासुद्धा कितीतरी दिवस नीट बोलले नाहीत.

तरी त्या दुपारी घरी चालत येताना ठरवलं ते आजही ठरलेलंच आहे. माझ्या हाताचं काम हवं असेल, तर मी सबंध आत येईन. मला दाराबाहेर ठेवाल, तर माझा हातही आत येणार नाही.