विहीणबाई आणि हेलिकॉप्टर

माझा मुलगा अमेरिकेत नोकरीला आहे. त्याने तिकडचीच मुलगी केली. तिची आई तरुणपणी एल साल्वादोर नावाच्या छोट्या देशातून, तिथल्या युद्धातून पळून अमेरिकेत आलेली. गेल्या हिवाळ्यात मुलाला रजा मिळाली नाही, पण सून, तीन वर्षांची नात आणि विहीणबाई आमच्या पिंप्राळ्याच्या घरी महिनाभर राहिल्या. विहीणबाईंना इंग्रजी जेमतेम, मला त्याहून कमी. स्वयंपाकघरात मात्र आमचं काही अडत नसे. मक्याची भाकरी त्या परातीत नाही, दोन्ही तळहातांवर थापायच्या, आणि ती माझ्यापेक्षा गोल व्हायची.

एका सकाळी कुण्या पुढाऱ्याची सभा होती. हेलिकॉप्टर कॉलनीवरून इतकं खालून गेलं की मांडणीतली ताटं थरथरली. मी हौसेने गच्चीवर धावले. खाली आले तर तव्यावर भाकरी जळतेय आणि ओट्यापाशी कुणीच नाही.

गॅस बंद करून हाका मारल्या. पुढच्या खोलीत पलंगाखालून एक पाय दिसला. वाकून बघितलं, तर विहीणबाई नातीला छातीशी धरून भिंतीला चिकटलेल्या. पिठाने भरलेला हात तिच्या तोंडावर. पोर रडत नव्हती, नुसती टकामका बघत होती.

गुडघे दुखत होते तरी मीही आत शिरले आणि त्यांच्या पाठीवरून हात फिरवत राहिले. "गेलं, बाई. गेलं ते." शब्द कळले नसतीलच. पण हळूहळू तो हात सैल झाला.

सून अंघोळ करून आली आणि आम्हाला बघून खालीच बसली. तिची आई तुटक बोलत गेली, सून ते मोडक्या मराठीत मला सांगत गेली. त्यांच्या गावावर अशीच हेलिकॉप्टरं यायची, बॉम्ब टाकायची. विहीणबाई तेव्हा पंधरा वर्षांच्या. त्यांची आई नदीवर गेली होती. चार वर्षांच्या भावाला घेऊन त्या खाटेखाली लपल्या, आणि तो ओरडू नये म्हणून त्याचं तोंड दाबून धरलं. आई नदीवरून परत आलीच नाही.

"मला माहीत नव्हतं," सून म्हणाली. "आजी आजाराने गेली, एवढंच सांगितलेलं."

मी शेजारच्या भाऊंना विचारून आले, हेलिकॉप्टर परत कधी जाणार?

"पाच वाजता, अक्का. तुमले देखनं शे का?"

"नाही, भाऊ. घरात पाहुण्या आहेत, त्यांना आधी सांगून ठेवायचंय."

पाचला दहा कमी असताना मी विहीणबाईंना घड्याळ दाखवलं, मग बोट वर करून गरगर फिरवलं. त्या समजल्या. पलंगावर माझ्या शेजारी येऊन बसल्या. आवाज जवळ आला तसं त्यांनी माझं मनगट असं आवळलं की बांगड्या रुतल्या. पण त्या जागच्या हलल्या नाहीत.

दुसऱ्या दिवशी त्यांनी त्याच भावाला फोन लावला. तो अमेरिकेत त्यांच्याच शहरात राहतो, दर रविवारी दोघं एकत्र जेवतात, पण त्या दिवसाचा विषय कधी निघाला नव्हता.

"काय म्हणतो मामा?" मी सुनेला हळूच विचारलं.

"विचारतोय, त्यांची आई दिसायला कशी होती. त्याला आठवत नाही."

विहीणबाई सांगत होत्या. मधेच हसल्या, मधेच पदरासारखं ओढणीचं टोक डोळ्यांना लावलं. मला एक शब्द कळत नव्हता, तरी मी मेथीची जुडी घेऊन तिथेच निवडायला बसले.