सलीलने सोडलेला खेळ

सलील वानखडे अमरावतीला कॉलेजात असताना बेसबॉल खेळायचा. तो पिचर होता, म्हणजे चेंडू टाकणारा. नोकरीसाठी डब्लिनला आल्यावर इथेही एक हौशी क्लब सापडला, तेव्हा तो हरखून गेला. पण एका मोसमात दुसऱ्या क्लबच्या डेक्लनने त्याचे चेंडू सारखे मैदानाबाहेर भिरकावले. लीगमधल्या सर्वाधिक होम रनचा, म्हणजे अशा मैदानाबाहेरच्या फटक्यांचा, विक्रम डेक्लनच्या नावावर जमा झाला. "संपला माझा हात," असं बायकोला, कौमुदीला सांगून सलीलने खेळ सोडला.

चार वर्षांनी, २०२१च्या लॉकडाऊनमध्ये डेक्लनने स्वतःच कबूल केलं, की त्या मोसमात तो स्टेरॉइड घेत होता. विक्रम पुसायचा की ठेवायचा, यावर लीगच्या झूम बैठकीत बराच वाद झाला. सेक्रेटरीने सलीललाही मुद्दाम बोलावलं होतं.

"तुला काय वाटतं?"

"त्याच्या नावापुढे हवं ते लिहा," सलील म्हणाला. "माझी गेलेली वर्षं कुठे लिहिणार?"

शेवटी विक्रम ठेवून खाली खुलासा द्यायचं ठरलं.

"म्हणजे तुझा हात चांगलाच होता रे," कौमुदी म्हणाली. त्याला बरं वाटेल, असं तिला वाटलं होतं. सलील मात्र ओट्याशी मटकन खाली बसला. आता तो बेचाळीस वर्षांचा होता आणि त्याचा खांदा खरोखरच दुखत होता.

उन्हाळ्यात डेक्लनने फोन करून माफी मागितली.

"ग्रँड," आयरिश लोक 'ठीक आहे' या अर्थी म्हणतात तसं, एवढंच म्हणून सलीलने फोन ठेवला.