कडीवरचं रक्त

माझ्या खिशात गेली तीस वर्षं एक घडीचा चाकू आहे. पातं करंगळीएवढं, मूठ शिसवी, आणि धार अशी की मनगटावरचे केस नुसतं टेकवलं तरी उतरतात. हे मी आल्यागेल्या पाहुण्यांना करून दाखवायचो. माझ्या डाव्या मनगटावर केस का नाहीत, याचं कारण तेवढंच. बायको म्हणते, अजून चार पाहुणे आले असते तर कोपरापर्यंत साफ झाला असतात.

मी कलमं बांधतो. युसूफ वडगावला घराला लागूनच आमची छोटी रोपवाटिका आहे, सीताफळाची आणि थोडी आंब्याची. काडी तासायची, खालच्या रोपाचा खुंट चिरायचा, दोन्हीच्या ओल्या बाजू एकमेकींना भिडवायच्या आणि वरून प्लास्टिकची पट्टी आवळायची. काप एका ओढीत झाला पाहिजे, दोनदा चाकू फिरला की कलम लागत नाही. म्हणून एवढी धार. आणि एवढी धार म्हटल्यावर अधूनमधून बोट कापणारच. त्याचं कौतुक आमच्या धंद्यात कुणी करत नाही.

तर त्या वर्षी माझी लेक बाळंतपणाला पाचवा महिना लागल्या लागल्याच आली. एवढ्या लवकर कुणी माहेरी येत नाही. पण आदल्या खेपेला पाटोद्याला, सासरी, तिचं पाचव्यातच गेलं होतं. सकाळी फरशीवर एक लाल थेंब दिसला आणि संध्याकाळपर्यंत सगळं संपलं. या वेळी विहीणबाईंनीच फोन केला. "आमच्याकडं जिना हाय, माणसांचा राबता लई. तिला आराम न्हाई भेटायचा. तुमी न्या."

ती आली त्या दिवशी बायकोनं न्हाणीतली लाल बादली उचलून मागच्या अंगणात ठेवली. लेक न्हाणीत गेली की आम्ही दोघं आपापल्या कामात असल्यासारखं दाखवायचो. ती बाहेर आली की आईकडं बघून मान हलवायची, काही नाही म्हणून. मग आमचा दिवस पुढं सरकायचा. असा दिवस रोज आठ-दहा वेळा थांबायचा.

सहाव्या महिन्यात एका दुपारी बायकोला न्हाणीच्या कडीवर रक्त दिसलं.

अंगठ्याएवढा डाग. कडेनं वाळलेला, मध्ये ओला. मायलेकी जेवून आडव्या झाल्या होत्या, तेवढ्या वेळात तो आला होता. बायकोनं लेकीला आत नेलं, दार लावलं. दोघी बाहेर आल्या तेव्हा लेकीनं मान हलवली. काही नाही.

"मांजर असंल," मी म्हणालो. "कुठं तरी लागून आलं असंल."

"मांजर कडी लावतंय का?" बायको म्हणाली.

चार दिवसांनी माठाच्या झाकणावर. मग लेकीच्या खाटेशेजारच्या भिंतीवर, माणसानं उभं राहून बोट टेकवावं तेवढ्या उंचीवर. दर वेळी भर दुपारीच, ऊन पत्र्यावर तडतडत असताना, घरात पाखराचा आवाज नसताना. दर वेळी बायको लेकीला आत न्यायची, आणि दर वेळी लेकीचा चेहरा आत जाताना एक आणि बाहेर येताना दुसरा असायचा. ती आता पाणीसुद्धा कमी प्यायला लागली, न्हाणीत जायला नको म्हणून.

बायको मला रोपवाटिकेत येऊन गाठायची. "काय तरी बाहेरचं हाय बघा."

"बाहेरचं काय असतंय?"

"मग आतलं हाय का? सांगा की. कोणाचं हाय?"

तिनं दाराला काळ्या दोऱ्यात बिब्बा बांधला. मी चारचौघांसारखा हसलो, तो वाकडा लोंबत होता म्हणून सरळही केला. दुसऱ्या दिवशी त्या दोऱ्याला लाल लागलेलं होतं. त्यानंतर मी हसलो नाही.

शेवटी मी राखण बसायचं ठरवलं. जेवण झाल्यावर ओसरीत खुर्ची टाकली, अशी की न्हाणी, माठ आणि लेकीच्या खोलीचं दार तिन्ही नजरेत राहतील. शेजारी काठी. वेळ जावा म्हणून मांडीवर काड्यांची जुडी घेऊन तासत बसलो. तीन तास डोळा मिटला नाही, हे मी शपथेवर सांगेन. कुणी आलं नाही. कुत्रंसुद्धा ओसरीला चढलं नाही. एकदा उठून पाणी प्यालो, एकदा लेकीच्या दारातून डोकावलो.

चारला बायको उठली. माठापाशी गेली आणि तिथंच उभी राहिली.

"कोण आलतं?"

"कोणी न्हाई. मी हाय की इथं."

"तुमी असताना?" तिनं विचारलं, आणि खाली बसली. पेल्यावर डाग होता. लेकीच्या दाराच्या चौकटीवर होता. आणि मी ज्या खुर्चीत बसून पहारा केला होता त्या खुर्चीच्या हातावरही होता. म्हणजे ते माझ्याजवळ येऊन गेलं होतं, आणि मला पत्ता लागला नव्हता.

पुढच्या आठवड्यात लेकीला पेरू खावासा वाटला. मी तिच्या खोलीत बसून पेरूच्या फोडी केल्या, ती झोपलेली होती म्हणून ताटली उशाशी ठेवली, पायावरची चादर नीट केली आणि कामाला गेलो. थोड्या वेळानं तिची हाक आली. मोठी नव्हती. मी आलो तर ती खाटेवर बसलेली, चादर गुडघ्यापाशी धरलेली, आणि चादरीवर बोटभर लांब लाल ओढ.

"आण्णा, गाडी काढा," ती म्हणाली.

केजच्या दवाखान्यापर्यंत वीस-पंचवीस मिनिटांचा रस्ता आहे. मी गाडी चालवत होतो, मागं मायलेकी. गतिरोधक आला की बायको लेकीच्या पोटावर हात ठेवायची. मी आरशातून बघत होतो आणि लेक खिडकीबाहेर बघत होती, जणू काय व्हायचं ते तिला आधीच ठाऊक होतं.

डॉक्टर बाईंनी तिला आत घेतलं. मी फाईल नर्सच्या हातात दिली आणि बाकावर बसलो. बऱ्याच वेळानं बाई बाहेर आल्या.

"बाळ छान आहे. ठोके चांगले आहेत. आणि हे रक्त तिचं नाहीये."

मला आनंद व्हायला हवा होता. बायकोनं माझी बाही धरली. तिचं नाही, तर मग त्या घरात हिंडतंय कोण?

बाई फाईल उलटून बघत होत्या. "ही फाईल कुणाच्या हातात होती?"

मी शाळेतल्यासारखा हात वर केला. हात वर केल्यावर सगळ्यांना तो दिसला. मलाही दिसला. डाव्या तर्जनीच्या टोकाला, नखालगत, एक चीर. बारीक, सरळ, एका ओढीत झालेली. तिच्यातून रक्त मनगटाकडं निघालं होतं. अंगठ्यावर दुसरी, सुकत आलेली. मधल्या बोटावर तिसरी, जुनी. मी त्या हाताकडं बघत राहिलो. कुणा परक्याचा हात माझ्या खांद्याला लावल्यासारखा तो वाटत होता.

बाईंनी सुई आणली. "डोळे मिटा. टोचलं की सांगा."

मी डोळे मिटून वाट बघितली. "टोचा की."

"टोचलंय."

मग प्रश्न झाले. शुगर किती वर्षं? बारा. रक्त पातळ व्हायची गोळी? दोन वर्षं. बाईंनी समजावून सांगितलं, की शुगरनं बोटांतली जाणीव गेलेली आहे आणि गोळीमुळं रक्त लवकर थांबत नाही. चाकू बंद करा म्हणाल्या. मी "बरं" म्हणालो. आमच्याकडं "बरं" म्हणणं वेगळं आणि करणं वेगळं.

परतीच्या वाटेवर बायको हसून हसून दमली. "भूत धरायला बसलं काठी घेऊन, आन् भूतच खुर्चीत!" लेकही हसली, मग हसता हसता रडली, मग झोपली. मी गाडी चालवत होतो. हसू मलाही येत होतं, पण नजर चाकावरच्या माझ्या दोन हातांवर होती. चाकाला चिकट लागलेलं होतं. दोन महिने हा हात माझ्या घरात हिंडला होता, कड्या लावत, माठ उघडत, पोरीची चादर सरळ करत, आणि तिला मरणाच्या दारापर्यंत भिववत. आणि मी त्याच्यासोबत नव्हतो.

त्यानंतर घरात नवा नियम झाला. कुठं लाल दिसलं की लेक थेट माझ्याकडं यायची. "आण्णा, हात दाखवा." मी दोन्ही हात पुढं करायचो. ती उलटे करायची, सुलटे करायची, बोटांच्या बेचक्यात बघायची. चीर सापडली की तिचा श्वास सुटलेला मला ऐकू यायचा. मग ती कलमाची पट्टी घेऊन माझ्या बोटाला आवळून बांधायची. "लागंल बघा आता कलम," म्हणायची. खरं सांगायचं तर मी चाकू सोडला नाही त्याचं एक कारण पोट होतं आणि दुसरं हे. माझ्या बोटातून आलेलं रक्त तिच्या अंगातून आलेलं नसायचं, एवढाच त्याचा उपयोग होता, पण तो मोठा होता.

नववा अर्धा उलटला. एका दुपारी मी ओसरीत कलमं बांधत बसलो होतो. ती न्हाणीतून आली आणि माझ्यासमोर उभी राहिली.

"आण्णा, हात दाखवा."

मी पट्टी टाकली आणि हात पुढं केले. तिनं डावा बघितला, उजवा बघितला. परत डावा. मग मी स्वतः बघायला लागलो. बोटं ताणली, मुठी मिटून उघडल्या, जुन्या वणांवर दाबून बघितलं, कुठून तरी एक थेंब यावा म्हणून. सगळी बोटं कोरडी होती. आयुष्यात एवढ्या वेळा कापलं, पण कापलेलं असावं असं मला फक्त त्या दुपारी वाटलं. आतल्या खोलीत पंखा फिरत होता, तेवढाच आवाज.

"न्हाई?" तिनं विचारलं.

"न्हाई गं."

तिनं माझे हात सोडले. "मग आईला उठवा. माझंच हाय."

तोच रस्ता, तेच गतिरोधक. या वेळी बायको मोठ्यानं देवाचं नाव घेत होती आणि लेक तिला "गप बस की" म्हणत होती. डॉक्टर बाईंनी तपासलं आणि म्हणाल्या, "घाबरताय कशाला? दिवस भरले की सुरुवात अशीच होते." मला हे साठीकडं झुकताना पहिल्यांदा कळलं. बायकोला माहीत होतं म्हणे, पण ती विसरली होती.

मी बाकावर बसलो, हात मांडीवर उताणे ठेवून. उगाच. संध्याकाळी बायको बाहेर आली. डोळे पुसलेले, पदर खोचलेला.

"पोरगी झाली. दोघी बऱ्या हायेत. तुमाला आत बोलावलंय." मी उठलो तशी ती दारात आडवी झाली. "थांबा. हात दाखवून या म्हणतीय ती."

मी हात पुढं केले. बायकोनं ते धरले, उलटे केले, सुलटे केले, एकेक बोट उजेडाकडं नेऊन बघितलं. थट्टा म्हणून नाही. मग बाजूला सरकली.