कुंभारणीचं घर

दिव्याच्या वाती निम्म्याच वळून झाल्या होत्या, तेवढ्यात आतल्या खोलीत कॉम्प्युटर पुन्हा बंद पडला. स्वप्ना ओरडली नाही. ओरडत नाही, हीच माझ्या सुनेची पंचाईत. खुर्ची मागे सरकल्याचा आवाज आला, पंखा बंद केल्याचा, मग परत लावल्याचा. कापूस ताटलीत तसाच ठेवून मी उठले.

वटारच्या वाडीतली ही मुलगी सहा वर्षांपूर्वी लग्न होऊन आमच्या चांदीपला आली आणि घरी बसून अंधेरीच्या एका कंपनीचं टायपिंग करू लागली. माझ्या मुलाची, संकेतची, नोकरी सुटली त्या वर्षी घर तिच्याच कामावर चाललं. कधी बोलून दाखवलं नाही. पाळण्याविषयीही बोलत नाही. गावातल्या बायकांनी टोचून विचारलं की हसून म्हणते, वेटिंग लिस्टमध्ये आहे.

मे महिन्यात माहेरून परतली तेव्हापासून हे बंद पडणं सुरू. लावला की थोडा वेळ चालतो, मग स्क्रीन काळी. तिचा भाऊ जितेश फोनवरून सांगेल ते सगळं करून झालं. मेमरीची पट्टी खोडरबराने घासली, विंडोज नव्याने टाकलं. मी आपली जीवदानी आईला नारळ बोलले. आज रात्रीपर्यंत फाइल आली नाही तर काम दुसऱ्याला देऊ, असं कंपनीने सकाळीच कळवलेलं.

आताही फोनवर जितेश म्हणाला, मागून हात लावून बघ, तापतोय का. तिने सीपीयू भिंतीपासून ओढून फिरवला, मी बॅटरी धरली. गरम हवा बाहेर जायच्या जाळीवर मातीचं घर! ती माहेरी असताना कुंभारीण माशीने लिंपलेलं. एका कप्प्याचं तोंड अजून बंद, म्हणजे आत जीव असणार. आतल्या पंख्याला वाराच नव्हता, तापणार नाही तर काय.

स्क्रू ड्रायव्हर तिच्या हातात होताच. मी मनगट धरलं. कुंभारणीने घर केलं की त्या घरात पाळणा हलतो, ते फोडू नये, असं माझी आई सांगायची. तेच तिला सांगितलं. ती वाद घालणार असं धरूनच चालले होते.

तिने स्क्रू ड्रायव्हर खाली घेतला. मग हळूच म्हणाली, "मलाही फोडायचं नाहीये, आई."

सहा वर्षांत हा विषय पहिल्यांदा थट्टेवारी न नेता तिच्या तोंडून निघाला. मी हात काढून घेतला.

तिने मागचे स्क्रू काढले, वायरी सोडवल्या आणि ती जाळी ज्याला होती तो, आत वीज पुरवणारा पॉवर सप्लायचा अख्खा डबाच मातीसकट बाहेर काढला. फोनवर सगळं ऐकत असलेला जितेश हसायला लागला.

"हस तू," ती त्याला म्हणाली. "बाळंतिणीला पडवीत हलवतेय."

मांजराचा पंजा पोचणार नाही अशा वरच्या फळीवर तिने तो ठेवला, जरा मागे सरकवला, पुन्हा पुढे घेतला. तिचं समाधान होत नव्हतं. फाइल अजून जायचीच होती. जितेशने ओळखीच्या दुकानात तसाच एक जुना डबा बाजूला ठेवायला सांगितला.

वाती राहिल्या तशाच. संकेतची वाट न बघता ती रिक्षा थांबवायला फाटकाबाहेर गेली. दुकान बंद व्हायच्या आत तुळिंजला जाऊन दुसरा पॉवर सप्लाय आणायचा आहे.