दुसऱ्या बाजूचा ड्रमवाला

त्याला सगळे ठोक्या म्हणतात. ठोकलेल्या गाड्यांचे पोचे काढणं हा त्याचा धंदा. हातोडी मारून मारून पत्रा सरळ करतो म्हणून ठोक्या, असं गिऱ्हाइकांना वाटतं. वाटू दे. नाव धंद्याच्या आधीचं आहे, आणि ते कसं पडलं हे त्याला विचारायला जाऊ नका. एकाने विचारलं होतं. त्याची गाडी अर्ध्या पोच्यासकट परत गेली.

माणूस वाईट नाही हो. पण एक विषय काढलात की तळपायाची आग मस्तकात. तो विषय म्हणजे ती रेकॉर्ड.

सत्तरचं दशक नुकतंच लागलं होतं. गिटारी कर्कश झाल्या होत्या, केस खांद्यावर आले होते, आणि तीन मिनिटांचं गाणं वाजवणं म्हणजे पोरखेळ असं वीस-बावीस वर्षांच्या प्रत्येक शहाण्याला वाटत होतं. गल्लोगल्ली बँड निघाले. एकेक गाणं रेकॉर्डची अख्खी बाजू व्यापायचं. चौघं जमायचे, जीव ओतून एक रेकॉर्ड करायचे, ती कुणी घ्यायचं नाही, आणि मग चौघं चार नोकऱ्यांना लागायचे. कंपन्या उरलेला माल रद्दीसारखा फुंकून टाकायच्या. किती चांगलं संगीत असं मातीत गेलं, त्याचा हिशेब कुणी ठेवला नाही. कशाला ठेवतील? त्यांच्या बापाचं काय गेलं?

ठोक्याची रेकॉर्ड त्यातलीच. नाव ‘शिसं आणि पिसं’. ऑर्गनवर त्याचा सख्खा मोठा भाऊ, दादा. गिटार आणि बास वाजवणारे दोघं आता हयात नाहीत. आणि ड्रमवर हा, चौघांत सगळ्यात धाकटा. कव्हरवर पंख फुटलेलं गाढव होतं. दुकानदारांनी ते बघून रेकॉर्ड लहान मुलांच्या गाण्यांत नेऊन ठेवली. हसू नका, खरंच ठेवली.

गाढवाचीही एक गोष्ट आहे. दुसरी बाजू म्हणजे एकच लांबलचक गाणं होतं, आणि ते चारात नाही, सातात होतं. सात ठोक्यांनी एक फेरी पुरी. धाकट्याची मोजणी चुकायची, तो वैतागून काठ्या फेकायचा. तेव्हा दादाने त्याला आकडे मोजायचं बंद करायला लावलं आणि एक वाक्य दिलं: ‘गाढवाला पंख दे.’ एक अक्षर, एक ठोका. गा, ढ, वा, ला, पं, ख, दे. झाली फेरी. त्या दिवसापासून चौघंही तसंच मोजायला लागले. कोळशाच्या रिकाम्या गोदामात ऑर्गन गरजतोय, गिटार किंचाळतेय, आणि चार दणकट पोरं तोंडातल्या तोंडात गाढवासाठी पंख मागताहेत. ठोक्या त्या गोदामात जेवढा सुखात होता, तेवढा पुन्हा कधी झाला नाही.

रेकॉर्डिंग झालं. सगळ्या वाद्यांचे आवाज कमी-जास्त करून एकत्र बसवायचे होते, त्या दिवशी ठोक्याची कारखान्यात पाळी होती. दादा एकटाच गेला. काही महिन्यांनी रेकॉर्ड हातात आली. ठोक्याने आईला समोर बसवलं, सुई ठेवली. पहिली बाजू बरी होती. दुसरी बाजू सुरू झाली, आणि मधोमध ड्रम गायबच! वर सगळीकडे दादाचा ऑर्गन. गोदामात ज्या जागी तो चार सूर वाजवून बाजूला व्हायचा, तिथे तो थांबायचं नावच घेत नव्हता. भिंतीपलीकडे कुणीतरी सतरंजी झटकतंय, एवढेच काय ते ड्रम.

आई म्हणाली, “छान आहे रे. पण तू कुठे आहेस?”

पेपरात एकच ओळ छापून आली: ‘ड्रमवाला बहुधा सुटीवर गेला असावा.’ ती ओळ ठोक्याला आजही तोंडपाठ आहे. त्याने दादाला फक्त एवढंच विचारलं, “माझे ड्रम का दाबलेस?” दादा म्हणाला, “गाण्याला तेच बरं होतं.” झालं. ठोक्याने ड्रम विकले आणि हातात हातोडी घेतली. पुढे दोघं भेटायचे ते लग्नात नाहीतर मयताला, आणि बोलायचे ते हवापाण्याचं. पन्नास वर्षं! एवढ्यात माणसं खून विसरतात.

आणि आता हे वरातीमागून घोडं आलं.

घोडं म्हणजे एक तरतरीत बाई. विसरलेल्या रेकॉर्डी शोधून पुन्हा काढणं हेच तिचं काम. ती गॅरेजच्या दारात उभी राहिली तेव्हा ठोक्या एका दाराचा पोचा काढत होता.

“‘शिसं आणि पिसं’वर ड्रम वाजवणारे तुम्हीच ना?”

“तो कधीच मेला,” ठोक्या म्हणाला आणि हातोडी चालू ठेवली.

पण बाई चिवट. ती रेकॉर्ड आता लोक जंग जंग पछाडून शोधतात म्हणाली. विशेषतः तो ऑर्गन. त्या वर्षांत इतकं बेभान कुणी वाजवलं नाही, असं जाणकार म्हणतात. हे ऐकून ठोक्याच्या नाकाला अशा मिरच्या झोंबल्या की त्याने बाईला हाकललंच असतं, पण तेवढ्यात तिने खरी बातमी सांगितली. मूळ टेप सापडली होती. स्टुडिओवाल्याच्या मुलीने तळघरात जपून ठेवलेली. टेपवर प्रत्येक वाद्याचा आवाज वेगवेगळ्या ट्रॅकवर होता, तेव्हा ड्रम हवे तेवढे वर आणता येणार होते. फक्त दोघा भावांची संमती पाहिजे.

हातोडी थांबली.

“दादा काय म्हणतो?”

“ते म्हणतात, जशी होती तशीच काढा. ड्रमला हात लावायचा नाही.”

त्या संध्याकाळी ठोक्याने फोनवर दादाचा जो उद्धार केला तो इथे लिहिण्यासारखा नाही. ऑर्गनचा मोठेपणा म्हातारपणीही सुटत नाही, आयत्या बिळावरचा नागोबा, असं बरंच काही. दादा ऐकून घेत होता आणि एकच म्हणत होता, “राहू दे रे. उगाच हात दाखवून अवलक्षण कशाला?”

“अवलक्षण तुझं होईल! मरायच्या आधी एकदा माझे ड्रम जगाने ऐकले पाहिजेत. हो म्हण, नाहीतर भाऊ मेला म्हणून समज!”

दादा म्हणाला, “एक कर. आधी दोघं मिळून ऐकू. त्यानंतर तू म्हणशील ते.”

रेकॉर्डवाल्या बाईची खोली छोटी होती, भिंतींना जाड कापड, मोठे स्पीकर आणि एक जुनाट टेप मशीन. ठोक्याची बायको हट्टाने बरोबर आली होती. तिने नवऱ्याला आयुष्यभर पत्रा बडवताना पाहिलं, ड्रम वाजवताना कधीच नाही. दादा आधीच येऊन कोपऱ्यात बसला होता, काठीवर दोन्ही हात ठेवून. खंगला होता. ठोक्याला ते दिसलं, आणि दिसलं म्हणून आणखी राग आला.

बाईने टेप लावली. ड्रम पूर्ण वर.

अरे काय तो आवाज! खोलीची जमीन हादरली. बायकोने नवऱ्याचा दंड धरला. “हे तुम्ही?” ती म्हणाली. त्याने नुसती मान हलवली, आणि कोपऱ्यातल्या भावाकडे असं पाहिलं की समोर आरसा असता तर तडकला असता.

दुसरी बाजू सुरू झाली. ड्रमजवळच्या माइकने सगळं टिपलं होतं, अगदी वाजवणाऱ्याचं पुटपुटणंसुद्धा. गाढवाला पंख दे. गाढवाला पंख दे. कोवळा, धापा टाकणारा आवाज. बायकोला हसू आवरेना.

गाणं मध्यावर आलं. दादा काठी टेकून उठला. “पुरे आता. बंद करा.”

“खाली बस!” ठोक्या ओरडला.

आणि मग ते आलं. पोरगं रंगात आलं होतं, अंगात वारं शिरलं होतं, आणि त्या भरात ते पुटपुटलं: ‘गाढवाला पंख दे रे.’

रे!

एक अक्षर जास्त. एक ठोका जास्त. सगळे पुढे गेले आणि ड्रम एका ठोक्याने मागे राहिला. आता बायकोलासुद्धा कळत होतं की काहीतरी फाटलंय. ड्रम एकीकडे, गिटार दुसरीकडे, बास गोंधळून गप्प. आणि तेवढ्यात ऑर्गन उसळला. चार सूर वाजवून थांबायच्या जागी तो मोठा झाला, आणखी मोठा झाला, सगळ्या फाटलेल्यावर पसरला, आणि थांबेचना. पोरगं चुकतच होतं. ऑर्गन वाजतच होता. शेवटी कुठेतरी ठोका पुन्हा सातावर पडला, आणि तेव्हा कुठे ऑर्गनने दम घेतला.

गाणं संपलं. टेप फिरत राहिली. काठ्या खाली ठेवल्याचा आवाज आला, आणि मग तो कोवळा आवाज म्हणाला:

“दादा, मधे मी गेलो का रे?”

आणि दादाचा, तरणाबांड: “छे रे! एकदम फक्कड.”

बाईने मशीन बंद केलं.

आपण हे विचारलं होतं, हे ठोक्या साफ विसरला होता. मनासारखं उत्तर मिळालं की प्रश्न कोण लक्षात ठेवतं? तो उभा राहिला.

“विचारलं होतं मी,” तो म्हणाला. “तुला विचारलं होतं!”

“स्टुडिओची वेळ संपली होती,” दादा म्हणाला. “बाहेर दुसरी मंडळी सामान घेऊन उभी होती. पुन्हा वाजवायची सोयच नव्हती. मग तुला सांगून काय करू? तू परत ठोक्यावर येईपर्यंत वाजवत राहिलो. नंतर तुझे ड्रम खाली केले, कुणाला कळू नये म्हणून. पोरवय होतं तुझं. कळलं असतं तर पुन्हा ड्रमला हात लावला नसतास.”

“तसाही नाही लावला!”

हे तो इतक्या जोरात ओरडला की बाई दचकून मागे सरकली.

“पन्नास वर्षं मी अंगणाला शिव्या दिल्या, दादा, आणि नाचता मलाच येत नव्हतं! तुझ्या माघारी तुला चोर म्हटलं, आईसमोर म्हटलं. आणि हे कानावर येऊनही तू गप्प राहिलास? तोंड शिवलं होतं तुझं?”

“झाकली मूठ सव्वा लाखाची असते रे.”

“मूठ माझी होती! झाकायची की उघडायची, ते मला विचारायचं होतंस. एक दिवस रडलो असतो. दोन दिवस रडलो असतो. तिसऱ्या दिवशी गोदामात येऊन पुन्हा मोजायला बसलो असतो. तू तो तिसरा दिवस खाल्लास माझा!”

दादाचे डोळे भरून आले. बायकोने नवऱ्याच्या पाठीवर हात ठेवला. “भाऊजींना बसू द्या,” ती हळूच म्हणाली. “कधीपासून उभे आहेत ते.”

ठोक्याने खुर्ची ओढली, धाडकन दादाच्या मागे ठेवली. दादा बसला. रेकॉर्डवाली घसा खाकरून म्हणाली, “म्हणजे मग... आधीसारखंच ठेवू? ड्रम खाली?”

“ड्रम वर,” ठोक्या म्हणाला. “जसे आत्ता ऐकवलेत तसे.”

“लोक हसतील रे,” दादा म्हणाला.

“हसू देत. तेव्हाच हसले असते तर बरं झालं असतं. आणि बाई, ते शेवटचं बोलणंही काढायचं नाही.”

“माझा आवाजसुद्धा?” दादाने विचारलं.

“तुझासुद्धा. ऐकू दे जगाला, तू किती सफाईने खोटं बोलतोस ते.”

दादाने मान हलवली. “हो,” तो बाईला म्हणाला. “हा म्हणतो तसंच करा.”

ठोक्याने कोट चढवला, बटणं चुकीची लावली, बायकोने ती काढून पुन्हा लावली. राग उतरला नव्हता. उतरणार तरी कसा? दारापर्यंत जाऊन तो थांबला. भावाकडे वळला नाही, दाराकडे बघूनच बोलला.

“गॅरेजवर ये उद्या. ते गाढव मला पुन्हा पहिल्यापासून मोजून दाखव.”