बापूने अडवलेली वाट

बापू पहिल्यांदा आमच्या घरी आला तेव्हा नमस्कार करायच्या आधी त्याने भिंतीवर बोटाचं पेर आपटलं. डावा कान लावला, पुन्हा आपटलं आणि माझ्याकडे वळून म्हणाला, "बाहेरून वीट अन् आतून पुठ्ठा. आक्का, ह्यात तुम्ही झोपता?"

मी म्हणाले, "झोपते. तू काय उभ्याने झोपतोस?"

तेव्हापासून आमचं जमलं. तो माझ्याहून चार वर्षांनी लहान, म्हणून मी अरे-तुरे करायची. तो मला आक्का म्हणायचा. सगळे त्याला बापू म्हणत, त्याची मुलगी वंदनासुद्धा. वंदना इथे शिकायला आली आणि राहिली. ऑस्ट्रेलियातल्या ह्या टूवूंबात एज्ड केअरमध्ये, म्हाताऱ्यांच्या आश्रमात, शिफ्टला जाते. आई गेल्यावर तिने बापाला इकडे आणलं, आमच्या घरापासून तीन घरं सोडून.

टूवूंबात गाडी चालवता येत नसेल तर माणूस घरातच राहतो. बस असते, पण ती आपल्या सोयीने येत नाही. माझी मुलं, नातवंडं सकाळी निघून जातात. मग मी आणि बापू असे दोघेच. तो चहाला यायचा, बशीत ओतून प्यायचा आणि दगडांबद्दल बोलायचा. दुसरा विषय त्याला नव्हता. गावाकडे सगळा जन्म त्याने खडीच्या खाणीत काढला होता. सुरुंग भरायचे, वाती पेटवायच्या, लांब जाऊन बसायचं. त्यातच त्याचा उजवा कान गेला.

टूवूंबाचा दगड त्याला आवडायचा. रस्त्याच्या कडेला खणलेलं दिसलं की तो हात लावून यायचा. "हा काळा आपलाच हाय, आक्का. हितं कसा आला कुणास ठाऊक. पर आपलाच. टोला दिला की जबाब देतो."

दगड बोलतो असं तो मानायचा. मी त्याला वेड्यात काढायची. मी चौथीपर्यंत शिकलेली, पण दगड बोलत नाही एवढं मला कळतं. तो रागवायचा नाही. म्हणायचा, "तुमच्याशी न्हाई बोलायचा. तुम्ही त्याला कवा विचारलंय?"

एकदाच त्याने खाणीतली वाईट गोष्ट सांगितली. बारा वाती पेटवल्या की बारा आवाज मोजायचे, हे त्याचं काम. बाराच्या बारा झाले की बायामाणसं आत जायची. एकदा त्याने अकरा मोजले. मुकादम म्हणाला, "तुझ्या एका कानावर मी दिवसभर खाण बंद ठेवू काय?" आणि दोन बायांना पाट्या घेऊन आत पाठवलं. बापू एवढं सांगून बशीतला चहा बघत बसला. पुढचं मी विचारलं नाही. चहा संपवून तोच म्हणाला, "तवापासनं मी कुनाला इचारत न्हाई. सोता जाऊन बघतो."

ऑक्टोबर संपत आला होता. वंदनाला चार दिवस सुट्टी मिळाली. तिला बापाला आतला लाल मुलूख दाखवायचा होता. मला म्हणाली, "मावशी, तुम्ही पण चला. बापूंना कंपनी." टूवूंबाहून पश्चिमेला आम्ही दीड दिवस गाडीत होतो. पहिल्या दिवशी शेतं संपली, दुसऱ्या दिवशी झाडं. मग नुसता रस्ता, कडेला मेलेले कांगारू आणि त्यांच्यावर कावळे. बापू गप्प झाला होता. त्याला त्या मुलखात काळा दगड कुठे दिसत नव्हता.

दुपार व्हायच्या आधी रस्त्याच्या कडेला गुहांची तपकिरी पाटी दिसली. वंदनाने गाडी वळवली. गाड्या लावायची जागा, एक संडास, एक फलक, बाकी माणूस नाही. समोर लाल वाळूच्या दगडाची टेकडी आणि तिला वाऱ्याने पाडलेली भोकं. वारा मात्र त्या दिवशी नव्हता. माश्या तोंडावर बसत होत्या. एकही पक्षी ओरडत नव्हता. मला ती जागा आवडली नाही.

पहिली गुहा रस्त्यापासून शंभरेक पावलांवर. आत कठड्यामागे इथल्या मूळच्या, जुन्या लोकांनी उमटवलेले हाताचे ठसे होते. वंदनाने फलक वाचून सांगितलं, की ही त्या लोकांची जागा आहे, कशाला हात लावू नका. भिंत दिसली की पेर आपटणारा बापू तिथे दोन्ही हात पाठीमागे धरून उभा राहिला. बाहेर आल्यावर मात्र त्याने एका मोकळ्या धोंड्यावर बोट आपटलं. पुन्हा आपटलं. मग तळहाताने घासलं तर हाताला वाळू आली.

"काय म्हणतो?" मी विचारलं.

"काय न्हाई म्हनत," बापू म्हणाला. "आपला काळा सांगून पडतो, आक्का. कुरकुरतो, तडकतो, मग पडतो. ह्यो मुका हाय."

दुसरी गुहा वर, टेकडीच्या पाठीमागे. वाट एका बाजूने चढते आणि दुसऱ्या बाजूने उतरते. माझे गुडघे गेलेले, म्हणून मी पहिल्या गुहेच्या सावलीत बसले आणि ते दोघं वर गेले. अर्ध्या तासाने त्याच वाटेने परत आले. बापूचा चेहरा बदललेला होता.

"वरच्या गुहेच्या छताला चीर हाय," त्याने मला सांगितलं. "चिरेतनं वाळू गळतीय, पिठावानी. खाली दगडाची एक ताजी चीप पडलीय, तिची कड अजून उजळ हाय."

"आणि येताना एक जोडपं वर जाताना भेटलं," वंदना म्हणाली. "बापू मला म्हणतात, त्यांना परत बोलव. बापू, असं नसतं हो. इथे रेंजर असतात, ते सगळं चेक करतात. त्यांचं काम आहे ते."

"रेंजरनं कवा चेक केलं?"

"मला काय माहीत? केलं असेल."

तेवढ्यात तिने पिशवी चाचपली आणि तिचं तोंड उतरलं. फोन नव्हता. सकाळी जिथे पेट्रोल भरलं, तिथल्या दुकानात राहिला होता. जायला-यायला दीड तास. तिने पाण्याच्या बाटल्या आमच्याजवळ ठेवल्या आणि म्हणाली, "मावशी, तुम्ही दोघं इथेच बसा, सावलीतून हलू नका. मी जाऊन येते."

गाडी दिसेनाशी झाली आणि बापू उठला.

मी म्हणाले, "कुठे निघालास?"

"त्या दोघांस्नी बाहीर काढतो."

"तुला इंग्लिश येतं का?"

"हात धरून काढतो. आलोच, आक्का."

आणि गेला. टोपी घातली, पाण्याची बाटली तिथेच राहिली. मी त्याला अडवलं नाही. दहा मिनिटांचं काम वाटलं मला. हे मी लपवत नाही.

थोड्या वेळाने ते जोडपं टेकडीच्या दुसऱ्या बाजूने उतरलं. हसले, हात हलवला, गाडीत बसून निघून गेले. त्यांच्या मागून बापू येईल म्हणून मी त्या वाटेकडे बघत राहिले. आला नाही. मग पहिल्या वाटेकडे बघितलं. मी हाका मारल्या. माझा आवाज त्या टेकडीने कुठे घेतला कळलं नाही, उलटून आला नाही. वीसेक पावलं चढले आणि गुडघ्याने नाही म्हटलं. ऊन असं होतं की डोळे उघडे ठेवायला दुखत होतं.

तासभर गेला असेल. रेंजरची पांढरी गाडी आली. तो संडासात कागद ठेवायला आला होता. तरुण, लाल कातडीचा, बरा माणूस. मी त्याला म्हणाले, "ओल्ड मॅन. नो वॉटर." त्याने लगेच सगळं टाकलं आणि विचारायला लागला. कधी गेला, कुठे गेला, जाताना काय बोलला. बाकीचं मला नीट समजलं नाही, पण शेवटचं समजलं. काय बोलला? मी मनात शब्द जुळवले आणि सांगितलं, "ही से, आय केम."

"ही केम बॅक?"

मी म्हणाले, "येस."

आपल्याकडे माणूस अंगाला साबण लावत असताना न्हाणीतून आलोच म्हणतो. अजून निघालेला नसतो आणि आलो म्हणतो. आपल्याला ते कळतं. त्या पोराला कसं कळणार? त्याने गाडी लावायच्या रिकाम्या जागेकडे बघितलं. "कार?" मी रस्त्याकडे हात केला, की मुलगी गाडी घेऊन गेलीय. त्याचा हिशेब जुळला. म्हातारा परत आला, गाडी दिसली नाही, म्हणून गाडीच्या मागे रस्त्याने चालत गेला. त्याने फोनवर आणखी माणसं बोलावली आणि रस्त्याने गेला.

मी बघत होते. हा टेकडीवर का जात नाही, असं माझ्या मनात आलं. पण मला वाटलं साहेबाला ठाऊक असेल, मागून दुसरी वाट असेल. जन्मभर मला असंच वाटत आलं आहे, की कागद हातात असलेल्या माणसाला जास्त ठाऊक असतं.

वंदना त्याला रस्त्यातच भेटली. तिला त्याने सांगितलं, तुझे वडील परत आले होते आणि मग रस्त्याने निघाले. इतकं ठामपणे इंग्लिशमध्ये सांगितल्यावर तीही माझ्यापर्यंत आली नाही. दोन तास ते रस्त्याच्या दोन्ही बाजूंची झुडपं आणि कोरडा ओढा धुंडाळत होते. आणखी दोन गाड्या आल्या. मी सावलीत बसून बघत होते.

चार वाजता वंदना माझ्याकडे पाणी प्यायला आली. तोंड भाजलेलं, केसांत काटे.

"मावशी, बापू परत आले तेव्हा त्यांना बरं वाटत होतं का? काही म्हणाले का?"

"परत कधी आला? तो वर गेला तो गेलाच."

तिने बाटली तोंडापासून काढली. "तुम्ही रेंजरला काय सांगितलंत?"

मी सांगितलं. ती वळली आणि टेकडीकडे धावत सुटली. रेंजरने ते रस्त्यावरून पाहिलं आणि तोही धावला.

बापू वरच्या गुहेच्या तोंडाशी सापडला. गुहेला आत वळण आहे आणि बाहेर पडायला दुसरं तोंड आहे, हे तो पहिल्यांदा गेला तेव्हा त्याने पाहिलं नव्हतं. ते जोडपं त्या दुसऱ्या तोंडाने निघून गेलं होतं. बापूला वाटलं ते अजून आत आहेत; वाळू जास्त गळताना दिसली असेल, म्हणून तो आत गेला नसेल. त्याने वाटेवर आडवी दगडांची ओळ लावली होती, एकाला एक भिडवून. खाणीत सुरुंग न उडता राहिला की असंच करतात, म्हणजे त्याच्या पुढे कोणी जायचं नाही. ओळीच्या अलीकडे तो बसला होता, पाठीला धोंडा. तिथे सावली फक्त गुहेत होती. त्या छताखाली तो बसणार नव्हता, आणि आत माणसं आहेत असं वाटत असताना जागा सोडून खालीही येणार नव्हता. उन्हात बसून राहिला. वंदनाने हात लावला तेव्हा अंग गरम होतं, पण ते उन्हाने.

छत पडलं नाही. त्या दिवशी नाही, अजूनही नाही असं ऐकते. तिथे आता साखळी लावली आहे. बापूचा अंदाज बरोबर होता की चूक, मी सांगू शकत नाही. मला दगडातलं कळत नाही. दोन तास आधी सापडला असता तर जगला असता का, हे मी मुलाला डॉक्टरकडे विचारायला लावलं. तो म्हणाला, सांगता येत नाही. डॉक्टर असं कधी म्हणतात, ते मला कळतं.

पंधरा दिवसांनी टूवूंबात पोलीसबाई मी रेंजरला सांगितलेलं माझा जबाब म्हणून लिहून सहीला घेऊन आली. वंदना शेजारी बसून एकेक ओळ मराठीत सांगत होती. एका ओळीला ती अडखळली. मी म्हणाले, "वाच."

"मृत व्यक्ती गाडीपाशी परत आली होती आणि त्यानंतर बेपत्ता झाली."

"ते काढायला सांग. तो परत आला नव्हता. मी चुकीचं सांगितलं, असं लिहायला सांग."

"मावशी, राहू द्या ना. तुमच्या नावावर चूक कशाला? मी तुम्हाला काही म्हटलंय का?"

"तू म्हटलं नाहीस. तरी सांग."

ती रडायला लागली. मी रडले नाही. पोलीसबाई म्हणाली, नो वरीज, वेळ घ्या. मी वेळ घेतला नाही. वंदनाने डोळे पुसले आणि तिला समजावून सांगितलं. पोलीसबाईने ती ओळ खोडली, वर नवी लिहिली, आणि खाडाखोडीजवळ मला वेगळी सही करायला लावली. मी मराठीत केली, मला तेवढीच येते.

नाहीतर सरकारी कागदावर एक म्हातारा रस्त्यात भरकटून मेला, असं राहिलं असतं. बापू भरकटला नव्हता. तो त्याच्या कामावर होता.